आधी शुगर तपासा, मग पच्चक्खाण घ्या



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरात दोन याद्या होतात. एक किराण्याची, दुसरी तपाची. कोण अठ्ठाई करणार, कोणाचं वर्षीतप चालू आहे, कोणाला यंदा एकासणं करायची आहेत. माझं स्पष्ट मत आहे की या दोन्ही याद्यांच्या आधी घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईची शुगर तपासून व्हावी. पुरुषांची होतेच. सासऱ्यांचा मागचा रिपोर्ट आपल्याला तोंडपाठ असतो, यांच्या गोळ्यांची वेळ आपणच सांभाळतो. "आणि तुमची किती?" असं विचारलं तर मात्र निम्म्याजणी हसतात आणि म्हणतात, "मला काय झालंय?"

काही झालंय की नाही, हे आपल्याला लवकर कळत नाही, कारण या आजाराच्या खुणा आपल्या दिनक्रमात सहज लपून जातात. नेहमीपेक्षा जास्त तहान लागणं ही पहिली खूण. पण आपला चौविहार असतो. रात्री घसा कोरडा पडला तरी आपण निग्रहाने पडून राहतो आणि उन्हाळ्याला दोष देतो. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागलं तर म्हणतो, वय झालं. सामायिकात 48 मिनिटं बसून पायाला मुंग्या येतात, ते खरं आहे. पण त्या उठल्यावर थोड्या वेळात जातात. अंथरुणात पडल्यावरही तळपाय झिणझिणत असतील, जळजळत असतील, तर दोष आसनाचा नाही. अनवाणी दर्शनाला जाताना खडा रुतला आणि समजलाच नाही, किंवा छोटी जखम पंधरा दिवस भरली नाही, तर तीही खूण. दुपारचा थकवा आपण तपाच्या नावावर टाकतो आणि पुस्तकातली अक्षरं धूसर दिसू लागली की चष्म्याच्या नंबरावर.

आणखी एक खूण आहे, जी आपण सासूला नाही, जावेला नाही, कधी कधी डॉक्टरीणबाईंनाही सांगत नाही. अंगावर पांढरं जाणं, खालच्या जागी सारखी खाज येणं, लघवीची जळजळ बरी होऊन पुन्हा पुन्हा उलटणं. साखर वाढली की बुरशीला आणि जंतूंना आयतं खाद्य मिळतं. मलम लावून वेळ मारून नेऊ नका, सोबत शुगरही तपासायला सांगा. मान किंवा काख काळपट, मखमलीसारखी जाड दिसू लागली तर ती घासून निघणार नाही. तो मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा इशारा असू शकतो. आणि पुष्कळ बायकांना यातलं काहीच होत नाही, तरी साखर वाढलेली असते. म्हणून खुणांची वाट पाहणंही बरोबर नाही.

"मी तर काडीसारखी आहे," हे उत्तरही पुरेसं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या एका डॉक्टर मित्राचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच होतं. पण त्या मित्राच्या शरीरात चरबी 9 टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरात 21 टक्के. आपल्याकडची माणसं बाहेरून बारीक आणि आतून चरबीची असू शकतात. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणकामाची टेप काढा. कमरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या वर गेला असेल, आई-वडिलांना किंवा भावंडांना मधुमेह असेल, पीसीओडी असेल, बाळंतपणात साखर वाढली असेल, तर तुम्ही धोक्याच्या रांगेत आहात. बाळंतपणातली साखर नंतर उतरली तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करायलाच हवी.

आपण गोड कमी खातो, असंही आपल्याला वाटतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, पण दोष एकट्या साखरेचा नाही. तिथीला हिरवी भाजी बंद, मग ताटात काय उरतं? दाल-बाटी, पुऱ्या, पापड, खाकरा, भात. पारण्याला शिरा. त्यात दिवसभर घरातलं काम असलं तरी सलग अर्धा तास चालणं होत नाही. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आणि त्याहून जास्त, सुमारे साडेतेरा कोटी, लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरता येतं. खाणं, चालणं आणि वजन सांभाळून पुष्कळजणांची साखर पुन्हा ठिकाणावर येते. पण आपण उंबरठ्यावर आहोत हे आधी कळायला तर हवं.

तपासणी आपल्याला इतरांपेक्षा सोपी आहे. उपाशीपोटीच्या तपासणीला किमान आठ तासांचा उपास लागतो. चौविहार आणि नवकारसी करणारीचा तो रोजच होतो. फार लांबवू नका, सकाळी लॅब उघडताच जा. उपाशीपोटी साखर 100 च्या आत असेल तर ठीक, 100 ते 125 म्हणजे उंबरठा, 126 किंवा वर म्हणजे मधुमेहाची शक्यता. एचबीए1सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते, जणू रक्ताचं प्रतिक्रमणच. ती 5.7 च्या खाली हवी, 6.5 पासून पुढे मधुमेह. मात्र अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत पाहा. बोटाला टोचून घेतलेला आकडा फक्त इशारा समजा, खात्री लॅबमधल्या रक्ताने होते. काही त्रास नसताना आकडा जास्त आला तर डॉक्टर तपासणी पुन्हा करून मगच निदान सांगतात.

पैशाची अडचण असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरच्यांची तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारा. याच जिल्ह्यातल्या चिचोंडीत जन्मलेल्या आचार्य आनंदऋषिजी महाराज साहेबांच्या नावाने आपल्या समाजाने नगरमध्ये हॉस्पिटल उभं केलं. तिथे आपण सासूबाईंना घेऊन जातो, तेव्हा आपलाही केसपेपर काढायला काय हरकत आहे?

आता तपाबद्दल. तपासणी तपाच्या आधी करा, कारण अठ्ठाईच्या मध्ये घेतलेला आकडा तुमची रोजची स्थिती सांगत नाही. साखर निघाली तर तप संपलं असं नाही, पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपवास करणं घातक आहे. साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. आणि तपासाठी परस्पर गोळी बंद करणं तितकंच वाईट. आधी डॉक्टरांशी बोला, मग महाराज साहेबांना आपली प्रकृती मोकळेपणाने सांगा. कित्येक पच्चक्खाणांमध्ये समाधीसाठी आगार ठेवलेला आहे, तो उगाच नाही.

शेवटचं बोलणं लग्नाच्या मुलींच्या आयांशी. "शुगर निघाली तर स्थळ कसं येणार?" या भीतीने तपासणी टाळली, तर आजार थांबत नाही. तो फक्त तिच्या पहिल्या बाळंतपणात, जास्त जोखमीच्या वेळी, उघड होतो.

आपण पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, धान्य निवडल्याशिवाय दळत नाही. एवढी जयणा जिच्या हातून रोज होते, तिने स्वतःच्या देहालाही वर्षातून एकदा नीट पाहावं. यंदा चौमासी पक्खीच्या आधी तारीख ठरवा. जावेला, नणंदेला, घरकामाच्या मावशींनाही बरोबर घ्या. एकटीने जायचं राहून जातं, चौघी मिळून निघाल्या की जाणं होतं.