बाटल्या नव्हे, लघवी मोजा

स्वादुपिंडाला अचानक सूज आलेला रुग्ण दाखल झाला की तासाभरात नातेवाइकांचा प्रश्न येतो, "सिस्टर, पुढची बाटली कधी लावणार?" त्यांची घाई समजण्यासारखी आहे. या सुजेत बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तातलं पाणी पोटात उतरतं, उलट्यांनी आणखी जातं. रक्त घट्ट होतं आणि स्वादुपिंडालाच ते पुरेसं पोचत नाही. सूज थेट उतरवणारं खात्रीचं औषध अजून हाती नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी खरी मदार सलाईनवरच असते.

पण ते किती द्यायचं? भरपूर आणि भराभर, असंच वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वॉटरफॉल' चाचणीने त्याला धक्का दिला. स्पेनच्या डॉ. एन्रिके दे मादारिया यांच्या पुढाकाराने झालेल्या या चाचणीत भारतातलेही रुग्ण होते. साठ किलोचा माणूस धरा. एका गटात त्याला आधी दोन तासांत १२०० मिली आणि मग ताशी १८० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन). दुसऱ्या गटात अंगातलं पाणी कमी झालं असेल तरच आधी ६०० मिली, मग ताशी ९०. जास्त पाणी देऊन आजाराची तीव्रता काही कमी झाली नाही. उलट अंगात पाणी साचण्याचं प्रमाण ६.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर गेलं. अखेर २४९ रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली.

गळक्या वाहिन्यांतून जादा पाणी फुप्फुसात उतरतं. रुग्णाला आडवं झोपवत नाही, धाप लागते, पावलं सुजतात. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच अधू असेल तर हे फार लवकर होतं.

म्हणून माझा आग्रह लघवीच्या पिशवीचा आहे. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी. तो आकडा दर तासाला तक्त्यावर चढला पाहिजे. सोबत नाडी, श्वास, रक्तातलं युरिया आणि रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारं हिमॅटोक्रिट. त्यांवरून सलाईनचा वेग दिवसातून अनेकदा बदलावा लागतो; सकाळच्या राउंडला लिहिलेला वेग रात्रभर तसाच चालू ठेवणं धोक्याचं आहे. छोट्या रुग्णालयातही हे जमतं. त्याला महागडं यंत्र लागत नाही, रात्रपाळीला पुरेशा सिस्टर लागतात, आणि नेमक्या त्याच आपण कमी नेमतो.