स्वर हवा, गायक नको?

ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गीतप्रकाराला वाहिलेले एक त्रैमासिक मराठीत व कोंकणीत काढण्याचा मनोदय आम्ही निर्मलच्या काही मित्रांनी बोलून दाखविला, तेव्हा आमच्यावर टीका होणार हे आम्ही गृहीत धरलेच होते. ती झाली, आणि दोन्ही बाजूंनी झाली. देवस्थानाच्या कामात केस पांढरे केलेल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, 'दारूच्या गुत्त्यातले हे गाणे आपल्या घरात कशाला?' आणि ज्यांच्या आग्रहावरून ही कल्पना निघाली त्या तरुणांनी विचारले, 'ब्लूजच्या मासिकात परधानांचे आणि देवळांचे काय काम?' या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाचा विचार करू. ब्लूज हे गुत्त्यात गाइले गेले, त्यात मद्य आहे, परस्त्री आहे, तुरुंग आहे, हे आम्ही नाकारीत नाही. खुद्द तिकडच्या चर्चमधील भाविकांनीही त्याला सैतानाचे संगीत म्हणून दूर लोटले होते. परंतु मा रेनी या प्रसिद्ध गायिकेला पियानोची साथ करणारे टॉमस डॉर्सी यांचेच उदाहरण पाहावे. १९३२ साली पत्नी आणि नवजात मूल अशी दोन्ही माणसे गेल्यावर त्यांनी जे प्रार्थनागीत रचले, ते पुढे त्याच चर्चचे सर्वांत लाडके गीत झाले. गुत्ता आणि गाभारा यांच्यामधली भिंत गाणाऱ्याच्या गळ्यात नसते, ती ऐकणाऱ्याच्या मनात असते. आपल्या सोलापूरच्या राम जोशींनी लावण्याही रचल्या आणि कीर्तनेही केली. म्हणून त्यांच्या कीर्तनाला कोणी विटाळ मानला काय?

आता एक गोष्ट विशेषतः आमच्या गोमंतकीय वाचकांसमोर ठेवतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. अखिल मानवजातीची ओळख म्हणून त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविली आहे. तीत भारतातून निवडलेले एकच गाणे आहे, ते केसरबाई केरकर यांच्या भैरवीचे. फोंडा महालातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या गायिका देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातल्या. आणि त्याच तबकडीवर टेक्ससचा अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन याचे १९२७ साली ध्वनिमुद्रित झालेले, शब्दांवाचून नुसते कण्हणारे एक भक्तिगान आहे. हा मनुष्य १९४५ साली दारिद्र्यातच मरण पावला. ज्या दोघांना आपापल्या समाजाने जन्मभर उंबरठ्याशी उभे केले असते, ते आज एकाच तबकडीवर शेजारी बसून सूर्यमालेबाहेर प्रवास करीत आहेत. वडीलधाऱ्यांना भीती वाटते ती ज्या सोयरिकीची, ती सोयरीक अशा रीतीने केव्हाच जुळून गेली आहे.

केसरबाईंचा अभिमान आज आपण सर्वच बाळगतो. पण उत्सवात ज्या घराण्यांचे गायन-नर्तन देवाला हवे होते, त्या घराण्यांना पंगतीत मात्र आपण जवळ बसविले नाही. स्वर हवा, गायक नको, हा आपला जुना न्याय. दोष दुसऱ्यांचा सांगत नाही. आम्ही स्वतः कित्येक वर्षे एका उत्सवाची कार्यक्रमपत्रिका छापीत आलो. तीत अकरा रुपये देणाऱ्याचे नाव आहे, पहाटेच्या काकडआरतीला वाजणाऱ्या सनईवाल्याचे नाही. त्याच्यासाठी 'मंगलवाद्य' एवढा एकच शब्द आम्हांला पुरेसा वाटला!

आता तरुण मित्रांकडे वळू. निर्मल हे २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मराठी बोलणारे काही लोक रेषेच्या अलीकडे राहिलो. येथून उत्तरेला डोंगरपठारावर राजगोंडांची वस्ती आहे आणि परधान हे त्यांचे वंशपरंपरागत गायक आहेत. किकरी हे तंतुवाद्य गजाने वाजवीत ते गोंडांच्या कुळांच्या उत्पत्तिकथा गातात. पर्सा पेन या कुळदेवतेचा उत्सव परधानावाचून पुरा होत नाही. ते गातात गोंडीत. परंतु हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने १९४०च्या दशकात नोंदवून ठेवले आहे की त्यांच्या घरात बोलली जाते ती मराठी. त्याच अभ्यासकाने हेही नोंदविले आहे की ज्या यजमानाच्या देवाला परधानाचे गाणे लागते, तो यजमान परधानाच्या हातचे अन्न घेत नाही. म्हणजे आपल्या देवळाच्या अंगणातला न्याय डोंगरावरही तोच!

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोची कथा एका परधानाकडून उतरवून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी ती छापली. तो ग्रंथ ओळखला जातो हिस्लॉप आणि टेंपल यांच्या नावाने. अमेरिकेतही वेगळे घडले नाही. १९२०च्या दशकात तबकड्यांच्या कंपन्यांनी कापसाच्या मळ्यांतील गायकांना एकरकमी थोडे पैसे देऊन त्यांची गाणी घेतली आणि विक्रीचा नफा आपल्याकडे ठेवला.

गुलामगिरीचा इतिहास आणि आपल्याकडील जातिव्यवस्था या एकच गोष्टी आहेत, असा सोपा हिशेब आम्ही मांडीत नाही. दोन्ही ठिकाणी गायकाचे गाणे घेऊन त्याचे नाव टाकून दिले गेले, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि नियतकालिकाचे काम नेमके येथेच सुरू होते. मिसिसिपीच्या जॉन हर्ट याने १९२८ साली काही गाणी मुद्रित केली आणि तो पुन्हा शेतावर राबायला गेला. एका गाण्यात त्याने आपल्या गावाचे नाव घेतले होते. त्या एका नावाचा माग काढीत १९६३ साली एक रसिक त्याच्या दारी पोहोचला, आणि आयुष्याची अखेरची तीन वर्षे तो म्हातारा हजारोंपुढे गाइला. त्याच १९६३ साली इंग्लंडमध्ये 'ब्लूज अनलिमिटेड' आणि १९७० साली शिकागोत 'लिव्हिंग ब्लूज' हे नियतकालिक निघाले. कोण गायक कोठे आहे, जिवंत आहे की नाही, कोणाचे पैसे कोणी बुडविले, याचा शोध ही पाने घेत राहिली. तरुण मित्रांना ब्लूजवर खरोखर प्रेम असेल, तर त्यांनी त्याची तबकडीच नव्हे, तर ही शोधवृत्तीही उचलावी. मिसिसिपीचा कापूसवेचा आम्हांला पाठ आहे आणि आदिलाबादच्या कापसाच्या रानातला किकरीवाला ठाऊक नाही, ही रसिकता नव्हे. हा निव्वळ शौक झाला.

म्हणून आमच्या त्रैमासिकाची रचना आम्ही ठरवून टाकली आहे. निम्मी पाने ब्लूजची, निम्मी आपल्याकडील गायक-वादकांची. कोंकणी विभागात ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या गाण्यांपासून देवळांतल्या वादकांपर्यंत सर्वांना जागा राहील. तेथे धर्म विचारला जाणार नाही. गायकाचे नाव, गाव आणि त्याला दिलेले मानधन छापल्यावाचून एकही गीत छापायचे नाही. आणि त्याची संमती नसेल, तर तेही छापायचे नाही.

आमच्याच जिल्ह्यात, गोदातीरी बासरला, सरस्वतीपुढे बसवून लेकरांकडून पहिले अक्षर गिरवून घेतात. दूरदूरची माणसे त्यासाठी येतात. ज्या देवीच्या एका हाती पोथी आणि दोन हाती वीणा आहे, तिच्या भक्तांनी पोथी आपल्याकडे ठेवावी आणि वीणा वाजविणाऱ्याला निरक्षर व निनावी ठेवावे, हे तिला रुचत असेल असे आम्हांला वाटत नाही.

आमच्या विरोधकांना एवढीच विनंती आहे. आपल्या गावच्या देवळात यंदा सनई, चौघडा वा मृदंग कोणी वाजविला, त्याचे पूर्ण नाव आणि त्याला मिळालेली बिदागी आम्हांला लिहून कळवावी. नाव ठाऊक नसेल, तर आमच्यावर टीका करण्यापूर्वी त्याला जाऊन विचारावे.