पायथन की आर? आधी काम ठरवावे

वाणिज्य शाखेचे पदवीधर झालेली आपली मुले-मुली हल्ली डेटा सायन्सकडे वळू लागली आहेत. अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी घरात प्रश्न निघतो : संगणकाची कोणती भाषा शिकावी, पायथन की आर? शुल्काची रक्कम मोठी असते आणि मुलांचे वर्ष त्याहून मोलाचे असते. म्हणून निर्णय विचारपूर्वक व्हावयास हवा.

भाषेचे मूळ पाहिले, म्हणजे तिचा स्वभाव कळतो. आर ही भाषा रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात १९९० च्या दशकात घडविली. हे दोघेही संख्याशास्त्रज्ञ. त्यामुळे आकडेमोड, अनुमान व आलेख हा तिचा पिंड. गिडो व्हान रॉसम यांची पायथन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती सर्व प्रकारच्या कामांची भाषा असून विश्लेषणासाठी तिला पुढे ‘पांडाज’सारख्या साधनांची जोड मिळाली. संशोधन वा सर्वेक्षणात रस असणाऱ्याने आर निवडावी. ज्याला विश्लेषण कंपनीच्या रोजच्या संगणक-व्यवस्थेत बसवायचे आहे, त्याने पायथन. क्षेत्र ठरले नसेल, तर पायथनचा उपयोग अधिक ठिकाणी होतो. दोन्ही भाषा विनामूल्य आहेत. शुल्क द्यायचे ते शिकविण्याचे.

मात्र या दोहोंआधी एसक्यूएल शिकावी. बँक असो वा घाऊक पेढी, नोंदी डेटाबेसमध्ये असतात. खतावणीतून हवे ते खाते काढावे, तशी हवी ती माहिती तेथून काढण्याची ही भाषा आहे. लहान दुकानाला तर एक्सेलही पुरते. त्याच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. तेच काम दरमहा हाताने करावे लागू लागले, की भाषेची गरज सुरू होते.

एक गोष्ट कोणतीही भाषा आपण होऊन करीत नाही. एकाच व्यापाऱ्याचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले असेल, तर संगणक तीन खाती धरतो आणि येणे रकमेचा हिशेब फसतो. ही विसंगती पेढीवर वाढलेल्या मुलाच्या नजरेत चटकन भरते. हेच त्याचे भांडवल.

म्हणून शुल्क भरण्याआधी एक प्रयोग करावा. दुकानाच्या वर्षभराच्या विक्रीची यादी घ्यावी, ग्राहकांची नावे काढून केवळ क्रमांक ठेवावेत आणि एकच प्रश्न विचारावा : नव्वद दिवसांहून जुनी उधारी किती? एक आठवडा आर, एक आठवडा पायथन. ज्या भाषेत उत्तर मिळते आणि ते कसे आले हे मुलाला वडिलांना समजावून सांगता येते, ती भाषा त्याची.