आई, तू आराम कर!

मागच्या शनिवारी एका मित्राकडे पॉटलक होतं. नेहमीचीच मंडळी. सगळे आयटीवाले, अर्धे पुण्याचे, उरलेले 'मूळचे नागपूरचे, पण आता फ्लॅट पुण्यातच घेतलाय'वाले. टेबलावर साबुदाण्याची खिचडी, छोले आणि वेळ मिळाला नाही म्हणून कुणीतरी उचलून आणलेला पिझ्झा. गप्पा ग्रीन कार्डावरून थंडीवर आल्या तेव्हा मी सहज सांगितलं, की आमच्या शेजारची आजी, वय वर्षं ७१, गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी मासेमारीचं घर बांधतेय. गोठलेल्या तळ्यावर न्यायचं.

दोन सेकंद शांतता. मग प्रतिक्रिया आल्या, त्या अशा:

"या वयात?"

"एकटीच? नवरा नाहीये का?"

"अरे, पण विकत मिळतं की ते!"

"मुलं काय करतात तिची?"

चार माणसं, चार प्रश्न. घर कसं झालंय, हे एकानेही विचारलं नाही. मी तेव्हा खिचडी खात गप्प बसलो. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून हा लेख.

ज्यांनी मिनेसोटाचा हिवाळा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. या राज्याला 'दहा हजार तळ्यांचा प्रदेश' म्हणतात, आणि तो आकडा चक्क कमी सांगितलाय. दहा एकरांपेक्षा मोठी तळी मोजली तर ११,८४२ भरतात. नोव्हेंबर-डिसेंबरपासून ती गोठायला लागतात. पाणी चार अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं, त्यामुळे तळ्याच्या तळाशी तेवढं पाणी राहतं, बर्फ वरून धरतो आणि मासे खाली मजेत जिवंत असतात. लोक बर्फाला गिरमिटाने आठ-दहा इंची भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि बसतात. उणे वीसमध्ये उघड्यावर किती वेळ बसणार? म्हणून घर. इथे त्याला सरळ 'फिश हाऊस' म्हणतात. जमिनीत भोकं असलेली, चाकांवरची खोली. गाडीला जोडून तळ्यावर न्यायची, हँडल फिरवून चाकं वर घ्यायची, की घर बर्फावर बसतं. मग जमिनीतलं झाकण उघडून खालच्या बर्फाला भोक पाडायचं आणि शेगडीच्या उबेत गळ टाकून बसायचं. भिंतीवर दोरीचं एक रीळ असतं, त्याला घुंगरासारखं काहीतरी. रात्री मासा लागला की ते वाजतं आणि झोपलेला माणूस उठतो.

आजीने फक्त सांगाडा विकत घेतला. खाली लोखंडी चौकट आणि चाकं, बाहेरून पत्रा, आतून सगळं उघडं. बाकी सगळं तिचं. भिंतीत फोम, वायरिंग, बारा व्होल्टचे दिवे, प्लायवूड, बाकं, बिजागऱ्या, कड्या. दोन वर्षं चाललंय. मी संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो की गॅरेजचा दिवा लागलेला आणि करवतीचा आवाज.

पहिल्या हिवाळ्यात तिची एक भिंत फसली. गॅस जळला की त्यातूनही वाफ होते, खालच्या भोकांतून दमट हवा येते, आणि ही सगळी ओल थंड पत्र्याला लागून भिंतीच्या आत पाणी धरते. बाष्प अडवणारा पडदा तिने एका बाजूला नीट बसवला नव्हता. वसंतात तिने ती पूर्ण भिंत उचकटली आणि पुन्हा बांधली. कुणाला दोष नाही, कारणं नाहीत. मला म्हणाली, "चुकीचं होतं, म्हणून काढलं." आमच्या टीममध्ये एवढ्या वाक्यासाठी तीन मीटिंगा आणि एक पॉवरपॉइंट लागतो. असो.

आता एकेक प्रश्न घेऊ.

'विकत मिळतं की!' मिळतं ना. नवीन घ्यायला गेलं तर वीस-तीस हजार डॉलर सहज जातात, आणि ऐषारामी मॉडेल त्याच्या कितीतरी वर. पण मुद्दा पैशांचा नाहीच. आजीने मला तयार घराचा फोटो दाखवला. झोपायची जागा वर, चढायला शिडी. "रात्री दोनदा बाथरूमला उठणारं माणूस ही शिडी चढेल?" तिच्या घरात बाक तिच्या गुडघ्यांना विचारून बेतलेत. बसल्या जागी, न वाकता, हात पोचेल अशा अंतरावर भोक. दारापाशी धरायला दांडा. दिव्याचं बटण हातमोज्यासकट दाबता येईल असं. बाजारातलं घर कुणा तिशीतल्या दणकट गड्याला समोर ठेवून काढलेलं असतं. 'बिल्ड की बाय' यावर आपण ऑफिसात तासन् तास वाद घालतो, आणि तयार माल आपल्या गरजेत बसत नसेल तर स्वतः बांधावं हे उत्तर तिथे आपल्याला लगेच पटतं. बांधणारी ७१ वर्षांची बाई असली की तेच उत्तर खुळेपणा कसं ठरतं?

'नवरा नाहीये का?' आहे. धडधाकट आहे. घरात सोफ्यावर बसून फुटबॉल बघतो. त्याला थंडी आवडत नाही आणि मासे फक्त ताटात आवडतात. मी सुरुवातीला मनाशी एक कथा रचली होती: नवरा वारला असेल, त्याचं अपुरं स्वप्न ही पुरं करत असेल. बाईच्या हातात ड्रिल दिसलं की आपल्याला आधी एक मेलेला पुरुष शोधावा लागतो. तिला मासे पकडायला आवडतात, एवढं कारण पुरत नाही आपल्याला.

'या वयात?' १९९३ मध्ये 'ग्रम्पी ओल्ड मेन' नावाचा सिनेमा आला. मिनेसोटातलेच दोन शेजारी म्हातारे, बर्फावर घरं टाकून मासे पकडतात आणि पोरांसारखे भांडतात. सिनेमा इतका चालला की १९९५ मध्ये दुसरा भाग आला. त्या म्हाताऱ्यांना 'या वयात?' कुणी विचारलं नाही. म्हातारा बर्फावर गेला की तो वल्ली, म्हातारी गेली की 'मुलं काय करतात तिची?'

'पण धोका?' हा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला बगल देणार नाही. २९ डिसेंबर २०२३ ला इथल्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभराहून जास्त लोक त्यावर अडकले. सगळ्यांना सुखरूप काढलं, पण बर्फ बर्फच असतो. तो कधीच शंभर टक्के सुरक्षित नसतो, हे इथलं सरकारही दर वर्षी बजावतं. चालायला निदान चार इंच चांगला स्वच्छ बर्फ हवा, ट्रक न्यायचा तर फुटाच्या वर, आणि मागे जड घर ओढायचं तर आणखी जास्त. आजी पहारीने ठोकत ठोकत पुढे जाते, ठिकठिकाणी भोक पाडून टेपने जाडी मोजते. २०२३-२४ चा हिवाळा ऊबदार गेला, तर तिने कापडी तंबूसुद्धा बर्फावर नेला नाही. घरात शेगडी बसवायच्या आधी तिने दोन झरोके पाडले, एक खाली, एक वर, आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटी लावली. धोका आहे म्हणून ती मोजते. आपण धोका आहे म्हणून 'नको' म्हणतो आणि मोजतच नाही. काळजी हे नाव आपण त्याला देतो, पण खरं सांगायचं तर तो आपला आळस असतो.

आणि आता मुद्द्याचं.

म्हाताऱ्या बाईने कष्ट करू नयेत असं आपल्याला वाटतं का? साफ खोटं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत भांडी घासायला येणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या आहेत. लिफ्ट बंद असली की चार मजले चढून येतात. त्यांना 'या वयात?' कुणी विचारलेलं मला आठवत नाही, दांडी मारली की मात्र फोन जातो. मुंबईच्या मासळीबाजारात सत्तरीच्या कोळणी पहाटेपासून पाटीमागे बसतात. त्यांच्याशी आपण पापलेटाच्या भावावरून घासाघीस करतो, आराम करा म्हणत नाही. आपल्या घरातली आई पंचवीस पोळ्या लाटते, तीन वर्षांच्या नातवामागे दिवसभर धावते. तेव्हा तिचे गुडघे आपल्याला आठवत नाहीत. ते आठवतात कधी? ती स्वतःसाठी काहीतरी करायला निघाली की.

म्हणजे अडचण कष्टांची नाही, वयाचीही नाही. कष्ट कुणासाठी, याची आहे. दुसऱ्यासाठी राबली तर माया. स्वतःच्या हौसेसाठी राबली तर 'हे काय खूळ', 'आता हरी हरी करायचं सोडून'. आपल्या लहानपणच्या गोष्टींतली एकच धाडसी म्हातारी मला आठवते, ती भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी. तीसुद्धा निघाली होती लेकीच्या घरी!

हे सगळं मी तावातावाने लिहितोय, पण आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच आहे.

गेल्या हिवाळ्यात माझी आई सहा महिने इथे होती. वय ६६. बँकेत ३४ वर्षं नोकरी केलेली बाई. तिची आणि आजीची ओळख कशी झाली मला माहीत नाही, पण एकदा ऑफिसातून आलो तर आईच्या स्वेटरवर लाकडाचा भुसा. दुपारी नातू झोपला आणि बायकोचं घरूनच काम असलं, की ही शेजारच्या गॅरेजमध्ये. टेप धरायची, मापं घ्यायची, इंचांच्या अपूर्णांकांची बेरीज करायची. तोडकंमोडकं इंग्रजी, पण दोघींचं झकास जमायचं. जानेवारीत आजीने तिला तळ्यावर चल म्हणून विचारलं. आई जेवताना मला म्हणाली, "जाऊ का रे?"

मी ताटावरून मान वर न करता म्हणालो, "आई, कशाला त्या थंडीत? घसरलीस तर? इन्शुरन्सवाले जुनं दुखणं म्हणून हात वर करतील. तू आराम कर."

इन्शुरन्सची भीती खोटी नव्हती. पण मी तिला खिळ्यांचे बूट आणून देऊ शकलो असतो. सुट्टी काढून बरोबर जाऊ शकलो असतो. आजीला बर्फाची जाडी विचारू शकलो असतो, माझ्या दारापासून वीस पावलांवर राहते ती. यातलं काहीच केलं नाही. आई 'बरं' म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो आणि ती नऊ तास नातवाला सांभाळत होती. असा तो आराम.

आई परत गेल्यावर आजीने मला एकदा आत बोलावलं. बाकाखालच्या प्लायवूडवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. "तुझ्या आईने लिहिलंय. हे रंगवू की ठेवू?" देवनागरी आकडे होते. लांबी, रुंदी आणि कोपऱ्यात बेरीज, बँकेतल्यासारखी खाली दोन रेघा मारून. मग तिने विचारलं, "ती तळ्यावर का आली नाही? तिला यायचं होतं."

मला उत्तर देता आलं नाही. 'मी नको म्हटलं' हे वाक्य इंग्रजीत फार वाईट ऐकू येतं. मराठीत ते काळजी म्हणून खपून जातं.

इथे नियम आहे, फिश हाऊस तळ्यावर ठेवायचं तर बाहेरून मालकाची ओळख निदान दोन इंच उंच अक्षरांत लिहावी लागते. काही लोक नुसता नंबर टाकतात. आजीने स्वतःचं पूर्ण नाव रंगवलंय. माझ्या आईच्या नावाची पाटी कुठे आहे असा विचार केला, तर पुण्याच्या फ्लॅटवर बाबांचं नाव, इथे माझं.

परवा तिला फोन केला. म्हटलं, "डिसेंबरात येतेस? तळ्यावर जाऊ, मी सुट्टी टाकतो." मला वाटलं खूश होईल. ती म्हणाली, "येते. पण मी तळ्यावर असताना पोराला कोण बघणार, ते आधी ठरवा दोघं. मग तिकीट काढ."

बरोबर बोलली. त्याचंच उत्तर शोधतोय सध्या. डे-केअरमध्ये नाव घातलंय.

तर मंडळी, तुमची आई कदाचित बर्फावर जायचं म्हणणार नाही. ती पोहायला शिकायचं म्हणेल, स्कूटी घेते म्हणेल, गच्चीत स्वतः विटा रचून वाफे करते म्हणेल. तोंडावर येईल तेच वाक्य, माझ्याही आलं होतं. ते गिळा. परवानगी वगैरे द्यायच्या भानगडीत पडू नका, ती तुमच्याकडे मागितलेली नसते. फार तर विचारा, "टेप धरू का?"