शोध समाजाचा, मालकी कंपनीची

क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन आले, आयसोनायझिड आले, रिफाम्पिसिन आले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे साडेबारा लाख माणसे क्षयाने मेली, आणि त्या वर्षी क्षय जडलेल्यांपैकी २६ टक्के रुग्ण एकट्या भारतातले होते. ज्या रोगाचे कारण ठाऊक आहे आणि ज्यावर औषध आहे, त्याने माणसे अशी मरत असतील, तर दोष विज्ञानाचा मानायचा की विज्ञानाची फळे वाटणाऱ्या व्यवस्थेचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बेडाक्विलीन या एका औषधाचा इतिहास पुरेसा आहे. रिफाम्पिसिननंतर सुमारे चाळीस वर्षे क्षयावर नव्या जातीचे औषध आले नाही. क्षय हा मुख्यतः गरिबांचा रोग, आणि ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची गरज बाजाराच्या हिशेबात धरली जात नाही. अखेर जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या बेल्जममधील प्रयोगशाळेत कोएन आंद्रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध शोधले आणि २००५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. जंतू ज्या यंत्रणेने आपली ऊर्जा निर्माण करतो, तीच हे औषध बंद पाडते. मारण्याची ही रीतच नवी असल्याने जुन्या औषधांना दाद न देणारा जंतूही त्याला बळी पडतो. पूर्वी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत, आणि त्यांपायी अनेकांना कायमचे बहिरेपण येई. या शास्त्रज्ञांचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही.

परंतु शास्त्रज्ञाचे श्रेय वेगळे आणि कंपनीचा हक्क वेगळा. हे औषध सिद्ध करण्यासाठी लागलेल्या चाचण्यांचा भार सरकारी संस्था, लोकोपयोगी न्यास व देशोदेशीचे सार्वजनिक क्षयनियंत्रण कार्यक्रम यांनीही उचलला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार सार्वजनिक गुंतवणूक साडेपंचेचाळीस कोटी ते पंचाहत्तर कोटी डॉलरच्या घरात होती. कंपनीची गुंतवणूक नऊ ते चोवीस कोटी डॉलर. म्हणजे भांडवलाचा मोठा वाटा समाजाचा. मालकी मात्र एका कंपनीची! अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये औषधाला मान्यता मिळाल्यावर सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत श्रीमंत देशांसाठी तीस हजार डॉलर, मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी तीन हजार आणि गरीब देशांसाठी नऊशे अशी ठरली. हे आकडे उत्पादनखर्चावरून आलेले नव्हते. कोणाकडून किती वसूल होईल, या अजमासावरून आलेले होते.

भारतात औषध आले तेही चिमटीने. २०१६ साली मोजक्या केंद्रांवरच ते मिळू लागले. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून ते नाकारण्यात आले, आणि तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये तिला न्याय मिळाला. परंतु रोग फार पुढे गेला होता. २०१८ साली ती गेली. औषधाचा जपून वापर व्हावा, नाहीतर जंतू त्यालाही निर्ढावतील, ही तज्ज्ञांची भीती खरी आहे. तथापि जपून वापर म्हणजे वैद्यकीय देखरेख. किंमत आणि रहिवासाचा दाखला यांच्या आधारे रुग्ण गाळणे म्हणजे देखरेख नव्हे.

मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. तेव्हा त्याच औषधाच्या एका क्षारावर दुसरे पेटंट मिळवून ही मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवण्याचा कंपनीने प्रयत्न केला. त्याला हरकत घेतली ती क्षयातून वाचलेल्या दोन स्त्रियांनी: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. जुन्या उपचारांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली होती. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. या निर्णयात कलम ३(ड) चाही आधार होता. ज्ञात औषधाला नवे रूप देऊन नवी मक्तेदारी मागण्यास अटकाव करणारे हे कलम २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी डाव्या पक्षांच्या आग्रहाने बळकट झाले होते. संसदेतला तो झगडा व्यर्थ गेला नाही. २०२० साली आंतरराष्ट्रीय खरेदीत जो उपचार ३४० डॉलरला मिळे, तो ऑगस्ट २०२३ मध्ये स्पर्धक उत्पादक येताच १३० डॉलरवर आला. औषध तेच, कारखानेही तसेच. बदलली होती ती फक्त मालकीची स्थिती.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, पेटंट नसेल तर संशोधन कोण करील? संशोधनाला पैसा लागतो, हे खरेच. पण तो बहुतांशी समाजच देत असेल, तर समाजाला अटी घालण्याचा अधिकार का नसावा? जनतेच्या पैशातून सिद्ध झालेल्या औषधाची किंमत व परवाने जनतेच्या हाती असावेत, ही मागणी दानाची नाही, हिशेबाची आहे.

ज्या शोधाला मालकच मिळत नाही, त्याची गतही पाहण्यासारखी आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवून दिले की, क्षयरुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यास त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते. भाकरीवर पेटंट घेता येत नाही, म्हणून या शोधाची जाहिरात करायला कोणी कंपनी पुढे येत नाही. सरकारही रुग्णाच्या खात्यात महिना पाचशे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये जमा करते. कुटुंबाचा शिधा मात्र दात्यांच्या मर्जीवर सोडते. जो हक्क असायला हवा, त्याची भीक केली जाते.

भारताला सार्वजनिक उत्पादनाचा मार्ग अपरिचित नाही. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ साली उभा राहिला तो पेनिसिलीन स्वस्त व्हावे म्हणूनच. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरील वस्तुपेटंट नाकारले आणि स्वस्त औषधनिर्मितीला वाट करून दिली. त्याच पिंपरीच्या कारखान्याची जमीन विकून देणी भागवावीत आणि मग कारखानाही विकावा, असे डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले! सक्तीच्या परवान्याचे शस्त्र कायद्यात आहे. ते २०१२ साली एका कर्करोगाच्या औषधापुरते उपसले गेले आणि पुन्हा म्यान झाले.

२०२५ पर्यंत क्षय संपवण्याची घोषणा २०१८ साली झाली होती. ते वर्ष उलटले, क्षय आहे तिथेच आहे. कार्यकर्त्यांनी म्हणूनच प्रत्येक तालुक्यात तीन प्रश्न विचारले पाहिजेत: प्राथमिक केंद्रात नवे औषध आहे का, रुग्णाच्या घरी शिधा पोहोचतो का, आणि सार्वजनिक औषध कारखाने का मोडले जात आहेत? जंतूचा शोध १८८२ सालीच लागला. आता लढायचे आहे ते मालकीशी.