असं का होतं? : टाकी कशी फुगली?



बैलबंडीचं चाक तुम्ही जवळून पाहिलंय का? लाकडी चाकाला बाहेरून लोखंडाचं गोल कडं बसवलेलं असतं. त्याला धाव म्हणतात. आमच्या मुकुटबनकडचा उन्हाळा कसा असतो, ते विदर्भातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात चाकाचं लाकूड वाळून आकसतं आणि धाव ढिली होते. मग शेतकरी काय करतो? चाक काढतो आणि सरळ पाण्यात टाकून ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट बसते. ना खिळा लागतो, ना हातोडी!

पण तेच लाकूड घराच्या दाराचं असेल तर? पावसाळ्यात ते फुगतं आणि दार चौकटीत अडकून बसतं. मग आई म्हणते, "जोरात ओढ रे!" म्हणजे फुगणं तेच, पण चाकाला उपयोगाचं आणि दाराला अडचणीचं.

आज अशाच एका फुगण्याची गोष्ट सांगणार आहे. मात्र यात फुगलं ते लाकूड नव्हे, मोटारसायकलची टाकी. आणि तीही पाण्यात बुडवून नव्हे, पेट्रोल भरून!

हा विषय निघाला तो वर्गातल्या एका प्रश्नावरून. एक जण म्हणाला, "सर, पेट्रोलात आता स्पिरिट टाकते म्हणे. मंग बाबाच्या गाडीची टाकी फुगन का जी?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नाही बरं का. झरी-जामणी तालुक्यात मोटारसायकल म्हणजे फक्त फिरायची गाडी नाही. तिच्यावरून बियाण्याची पिशवी येते, फवारणीचा पंप शेतात जातो आणि आजोबांना बरं नसलं तर तीच त्यांना वणीच्या डॉक्टरांकडे नेते. गाडी बंद पडली की घर अडतं. तेव्हा उत्तर नीटच शोधायला हवं.

पेट्रोलमध्ये जे मिसळतात त्याचं नाव इथेनॉल. ते उसाच्या रसापासून, साखर कारखान्यातल्या मळीपासून, तसंच मका आणि तांदळापासून तयार करतात. आपल्या देशाला लागणारं बहुतेक खनिज तेल बाहेरून विकत आणावं लागतं. थोडं इंधन शेतातूनच मिळालं तर तेवढा पैसा देशात राहतो, असा त्यामागचा विचार. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांतले दोन आपल्या महाराष्ट्रातच होते, मिरज आणि मनमाड इथे. पुढे २००३ पासून काही राज्यांत शंभर भागांत पाच भाग इथेनॉल मिसळू लागले. २०२२ मध्ये हे प्रमाण दहा भागांवर आणि २०२५ मध्ये वीस भागांवर पोहोचलं. पंपावर 'ई-२०' असं लिहिलेलं दिसतं ना, त्याचा अर्थ हाच. मात्र एक लक्षात ठेवा. हे मिश्रण विषारी असतं. त्याचा वास घेणं, तोंडाने नळीतून ओढणं, असले उद्योग कधीही करायचे नाहीत.

आता फुगलेल्या टाकीकडे वळू. त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल. तिथे २००५ नंतरच्या काही वर्षांत पेट्रोलमध्ये दहा भाग इथेनॉल मिसळणं सर्रास सुरू झालं. त्याच सुमारास इटलीच्या डुकाटी कंपनीच्या काही मोटारसायकलींना नायलॉनच्या टाक्या होत्या. नायलॉनची टाकी हलकी असते, गंजत नाही आणि हव्या त्या वळणाची घडवता येते. शिवाय नायलॉनमधून पेट्रोलची वाफ सहजासहजी बाहेर पडत नाही. टाकीसाठी याहून चांगलं काय हवं?

पण लोकांनी दुरुस्तीसाठी टाकी काढली आणि ती पुन्हा बसवायला गेले, तर बसेचना! भोकं एकीकडे आणि बोल्ट दुसरीकडे. टाकी चक्क मोठी झाली होती. समजा, टाकी ६० सेंटिमीटर लांब आहे आणि ती शंभरात फक्त दोन भाग वाढली. तर किती वाढली? करा हिशेब. १२ मिलिमीटर! डोळ्यांना जाणवणारही नाही, पण बोल्टला चांगलंच जाणवेल. काही जणांनी टाकी रिकामी करून बरेच दिवस वाळत ठेवली, तेव्हा ती थोडी आकसली. शेवटी प्रकरण न्यायालयात गेलं, तडजोड झाली आणि कंपनीने टाक्यांची हमी वाढवून दिली.

नायलॉन तर पेट्रोलला दाद देत नव्हतं. मग बिघडलं कुठे? हे समजायला एक सोपा प्रयोग करा.

करून पाहा : दोन वाट्या घ्या. प्रत्येकीत वाळलेले दहा-दहा हरभरे टाका. एका वाटीत पाणी घाला, दुसरीत गोडेतेल. त्याआधी दहाही हरभरे पट्टीला लावून एका ओळीत ठेवा आणि ओळीची लांबी वहीत लिहा. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी दोन्हीकडचे हरभरे पुसून पुन्हा ओळीत मोजा. पाण्यातली ओळ लांब झालेली दिसेल. तेलातली जवळजवळ होती तेवढीच. म्हणजे हरभरा नुसता 'ओला' झाला म्हणून फुगत नाही. पाणी आत शिरलं तरच तो फुगतो. तेलाला तो आत घेत नाही.

टाकीचं तसंच झालं. नायलॉन म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. शेजारच्या साखळ्यांनी एकमेकींचे हात धरलेले असतात. पेट्रोलच्या रेणूला असे हात नसतात, म्हणून साखळ्या त्याला आत घेत नाहीत. पाण्याच्या रेणूला मात्र हात असतो. तो साखळ्यांच्या मधे घुसतो, एकीचा हात धरतो आणि दोघींना थोडं दूर सारतो. आता इथेनॉलची गंमत बघा. त्याच्या रेणूचं एक टोक पेट्रोलसारखं आणि दुसरं पाण्यासारखं असतं. दोन्ही घरचा पाहुणाच तो! म्हणून तो पेट्रोलमध्ये छान मिसळतो आणि नायलॉनच्या साखळ्यांतही शिरतो. शिवाय तो पाणी ओढून घेतो, त्यामुळे थोडं पाणीही सोबत येतं. असे असंख्य रेणू शिरले की साखळ्या सरकतात आणि टाकी फुगते.

म्हणजे दोष एकट्या नायलॉनचा नाही आणि एकट्या इथेनॉलचाही नाही. दोघांची जोडी जमवण्याआधी ती पारखून पाहायला हवी होती. सगळं प्लास्टिक सारखं नसतं, हेही ध्यानात घ्या. पाण्याची काळी टाकी पॉलिथिनची असते. पॉलिथिनच्या साखळ्यांना तसे हात नसतात, त्यामुळे इथेनॉल त्यात फारसं शिरत नाही.

ही पारख आपल्याकडे झाली आहे का? झाली आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. पुण्याचे लोक तिला एआरएआय म्हणतात. वीस भाग इथेनॉलच्या इंधनाचे वाहनांवर आणि त्यांच्या सुट्या भागांवर काय परिणाम होतात, हे तपासण्याच्या कामात ही संस्था होती. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात त्याचे निष्कर्ष दिले आहेत. धातूंना काही त्रास आढळला नाही. रबर मात्र साध्या पेट्रोलमध्ये जितकं टिकतं तितकं यात टिकलं नाही. आणि एका प्रकारच्या नायलॉनची ताण सोसायची ताकद कमी झाली. पाहा, पुन्हा नायलॉनच!

आता वर्गातल्या त्या प्रश्नाचं उत्तर. बाबांच्या गाडीची टाकी फुगेल का? घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, गाडी बंद आणि थंड असू द्या. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून टाकीला लावा. चिकटला? मग टाकी लोखंडी पत्र्याची आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींची तशीच असते. ती फुगणार नाही.

पण म्हणून निर्धास्त राहू नका. टाकीतून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी, कॉकमधले वायसर, टाकीच्या झाकणातलं रबर, हे सगळं त्याच इंधनात भिजतं. नळी फुगली, चिरली की पेट्रोल ठिबकतं. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आवतणच. पत्र्याच्या टाकीला दुसरी भीती पाण्याची. पावसात झाकणातून पाणी गेलं, तर थोडं पाणी इथेनॉल सामावून घेतं. पण पाणी जास्त झालं, तर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. मग गाडी किका मारून मारूनही सुरू होत नाही, आणि टाकी आतून गंजते ते वेगळंच.

पालकांसाठी चार शब्द : एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० चा विचार करून बनवले आहेत. त्याआधीची गाडी असेल तर घाबरून जायचं कारण नाही, पण दुर्लक्षही नको. जुन्या काही गाड्यांमध्ये वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, असं २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला पेट्रोल पाइप आणि वायसर आवर्जून पाहायला सांगा. हे भाग महाग नसतात. पेट्रोलचा वास येत असेल, तर 'बघू नंतर' म्हणू नका. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने तशीच उभी ठेवू नका. आणि फवारणी पंपासाठी आणलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका. एखादं तहानलेलं लेकरू ती बाटली तोंडाला लावायचं!

आणि मुलांनो, तुमचा प्रयोग अजून संपलेला नाही. भिजलेले हरभरे आता उन्हात कडक वाळवा आणि पुन्हा ओळीत मोजा. ओळ पहिल्याइतकी होते का? हरभरे पहिल्यासारखे गुळगुळीत दिसतात का? ती टाकी वाळल्यावरही पहिल्यासारखी का झाली नसेल, याचा अंदाज त्यावरून बांधा. तुमची तिन्ही मापं आणि तुमचा अंदाज पत्रात लिहून पाठवा. मात्र तेलातले हरभरे फेकू नका हं. आईला द्या, फोडणीत जातील!