आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

संकट एका ठिकाणी आणि उपाय भलत्याच ठिकाणी, अशा प्रसंगी 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण मराठीत वापरली जाते. खेड्यांतील आगीच्या बाबतीत मात्र ही म्हण केवळ अलंकार राहत नाही. ती अक्षरशः खरी ठरते.

बंगळुरू शहराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 7 फेब्रुवारी 1981 रोजी तेथे सर्कशीच्या तंबूला आग लागून 90 हून अधिक बळी गेले. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. 23 फेब्रुवारी 2010 रोजी कार्लटन टॉवर्स या इमारतीतील आगीत 9 जण मृत्युमुखी पडले. इमारतीत धूर कोंडल्यामुळे काहींनी वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्या. मृतांच्या आप्तांनी पुढे 'बियाँड कार्लटन' हा उपक्रम उभारून अग्निसुरक्षेसाठी लोकजागृती आरंभली. 2023 साली शहरात 90 मीटर उंचीपर्यंत पोहोचणारे शिडीचे वाहन दाखल झाले. उंच इमारतींच्या नगरीला अशा वाहनाची गरज आहे, याविषयी दुमत नाही.

परंतु शहराची वेस ओलांडून होसकोटे, नेलमंगल किंवा दोड्डबळ्ळापूर तालुक्यांतील खेड्यांकडे गेले, की प्रश्नाचे स्वरूप बदलते. तेथे उंच शिडीचा उपयोग नाही. तेथे पेट घेते ती नाचणीच्या काडाची गंजी, गुरांचा गोठा किंवा दाटीने उभे असलेले घर. अग्निशमन केंद्र बहुधा तालुक्याच्या गावी असते. तेथून बंब निघून, अरुंद वाटेने खेड्यात पोहोचेपर्यंत गंजीची राख झालेली असते. गंजी जळणे म्हणजे जनावरांचा वर्षाचा चारा जाणे. चारा गेला की पुष्कळदा जनावरेही विकावी लागतात.

बंब पोहोचला तरी त्यातील पाणी मर्यादितच असते. साधारण मोठ्या बंबाच्या टाकीत 4500 लिटर पाणी मावते. एका धारेतून मिनिटाला 450 लिटर पाणी वापरले गेले, तर ती टाकी 10 मिनिटांत रिकामी होते. त्यानंतर बंबाला जवळच्या तळ्याचा किंवा विहिरीचाच आधार घ्यावा लागतो. तेथपर्यंत वाहन जाईल अशी वाट नसेल, तर किमती यंत्रही निरुपयोगी ठरते.

या उणिवेचे एक मूळ कायद्याच्या रचनेतही सापडते. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या 18 विषयांच्या या यादीत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षीच्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी आलेल्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. आग मात्र नगर आणि ग्राम असा भेद करीत नाही.

म्हणून ग्रामपंचायतीच्या पातळीवर स्वयंसेवकांचे अग्निशमन पथक उभारणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात 1736 साली बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने नागरिकांचे असे पथक स्थापन झाले. कातडी बादल्या आणि सामान वाचवण्यासाठी पिशव्या, एवढीच सभासदांची साधने होती. जर्मनीत आजही अग्निशमनाचा मोठा भार लाखो स्वयंसेवक वाहतात. आपल्या खेड्यासाठी लागणारी साधनेही साधीच आहेत : ट्रॅक्टरला जोडता येणारी पाण्याची टाकी, चार जणांना उचलता येईल असा पंप, लांब होज पाईप, शिडी, दोर, जळते गवत ओढून काढण्यासाठी लांब दांड्याचे आकडे आणि वाळूने भरलेल्या बादल्या. ट्रॅक्टर तर बहुतेक गावांत आधीच असतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. सरकारी साहित्य गावात येते, एका खोलीत बंद होते आणि गंजून जाते. शिवाय अप्रशिक्षित माणूस आगीत शिरला, तर तो स्वतःच बळी पडतो. हे दोन्ही धोके खरे आहेत. म्हणूनच साहित्याइतकेच महत्त्व सरावाला दिले पाहिजे. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी पंप चालवून पाहावा, होज पाईप पसरून तपासावा, खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते सर्वांना ठाऊक असावे. तालुक्याच्या केंद्रातील जवानांनी पथकाला शिक्षण द्यावे. वीजपुरवठा बंद केल्यावाचून पाणी मारू नये, पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये, श्वसनयंत्रावाचून धुराने भरलेल्या घरात शिरू नये, हे नियम प्रत्येकाच्या अंगवळणी पडले पाहिजेत. पथक हा बंबाला पर्याय नव्हे. 101 किंवा 112 या क्रमांकावर आधी दूरध्वनी करून, बंब येईपर्यंत आग पसरू न देणे, एवढेच त्याचे कार्य आहे.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबई बंदरातील आग विझवताना अग्निशमन दलाच्या अनेक जवानांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या सप्ताहात शहरांत प्रात्यक्षिके होतात. त्याच आठवड्यात प्रत्येक ग्रामसभेने गावातील पाण्याच्या जागा, वाटा आणि हाताशी असलेली साधने यांची नोंद केली, तर त्या स्मरणाला खरा अर्थ येईल. तहान लागल्यावर विहीर खणणारा तहानलेलाच राहतो. आग लागल्यावर पंप शोधणाऱ्याच्या हाती तर राखच येते.